घर सजवताना झालेल्या ‘चुका’ : नक्की कोणाचं काय बिघडतं?

ओसरी (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०.१२

डोंबिवलीत नवा फ्लॅट घेतला, गेल्या महिन्यात राहायला आलो. मागच्या रविवारी माझी मावसनणंद येऊन गेली. नुकताच इंटिरियरचा कोर्स केलाय, हौशी आहे, मनाने चांगली आहे. चहा येईपर्यंत तिने हॉलभर नजर फिरवली आणि पहिला घोट घेऊन म्हणाली, “वहिनी, राग मानू नका, पण अगदी बेसिक चुका झाल्यात.”

सासऱ्यांचा फोटो फार वर लावलाय म्हणे. फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर हवा. (आमचा दाराच्या चौकटीवर आहे, हार घातलेला.) सोफा भिंतीला चिकटवलाय, तो पुढे ओढा, खोलीला श्वास घेऊ द्या. पडदे खिडकीपुरतेच आहेत, ते जमिनीपर्यंत हवेत. टीपॉयखालचं कार्पेट पोस्टाच्या तिकिटाएवढं आहे. भिंती सगळ्या एकाच रंगाच्या. ट्यूबलाइटबद्दल ती काही बोललीच नाही, नुसतं वर बघून डोळे मिटले.

आमचा हॉल १० बाय १६. त्यात सोफा, सासूबाईंचा दिवाण, टीव्ही, चपलांचं कपाट आणि माझं शिलाई मशीन. सोफा पुढे ओढला तर टीव्ही सोफ्याच्या मागे उभं राहून बघावा लागेल.

ती गेल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “फोटो काढायचा नाही.” मी म्हटलं, नाही काढत. पण तेव्हापासून हॉलमध्ये शिरले की मला सगळ्या चुकाच दिसताहेत. आधी दिसत नव्हत्या, आता नजर जातेच.

तर विचारायचंय ते हे : असल्या चुकांनी खरंच काही बिघडतं का? की बिघडवणाऱ्या चुका वेगळ्याच असतात आणि त्या कोणी सांगत नाही? अनुभव लिहा. टोमणेही चालतील.

पुणेरी_पाटी | रात्री १०.३१

फोटो ५७ इंचांवर आणि खाली सोफा. म्हणजे हार थेट बसलेल्या पाहुण्याच्या गळ्यात. कल्पना वाईट नाही, पाहुणे लवकर उठतील.

खिळा_हातोडी | रात्री १०.४८

५७ इंच हा आकडा चित्रसंग्रहालयांतून आलाय. तिथे माणूस उभा राहून चित्र बघतो, सरासरी माणसाचे डोळे साधारण त्या उंचीवर येतात, म्हणून चित्राचा मध्य तिथे. आपल्या घरात उभं कोण असतं? बाहेर निघालेला माणूस आणि केर काढणारा. बाकी सगळे सोफ्यावर, दिवाणावर, नाहीतर खाली सतरंजीवर.

आमच्या आजोळी माजघरात फोटो होते ते सगळे वर, आणि पुढे झुकलेले. खालची कड दोन खिळ्यांवर टेकवलेली, वर एका खिळ्याला दोरी, ती दोरी सैल सोडलेली. खाली पाटावर बसलेल्या माणसाला चेहरा सरळ दिसायचा आणि काचेवर दाराचा उजेड चमकायचा नाही. हे करणाऱ्याने कुठलाही कोर्स केला नव्हता. फ्रेमच्या मागे चिमण्या घरटं करायच्या, हा तेवढा एक तोटा.

कुमुदिनी | रात्री ११.०५

जमिनीपर्यंतच्या पडद्यांबद्दल मी बोलू? मी लावलेत. हौसेने, फिक्क्या पिस्ता रंगाचे. आमच्याकडे फरशी रोज पुसली जाते. ओला फडका पडद्याच्या कडेला लागतोच, मग त्या ओल्या कडेला पंख्याने उडालेली धूळ चिकटते. चार महिन्यांत खाली बोटभर काळी पट्टी आली, धुऊनही जात नाही. शेवटी टेलरकडून दोन इंच वर उचलून घेतले. आता ते घोट्यापर्यंतच्या परकरासारखे दिसतात, पण स्वच्छ आहेत.

निखालस | रात्री ११.०९

+१. धागा वाचनखुणेत टाकला. आमचा ताबा डिसेंबरात आहे.

सिमेंट_वाळू | रविवार, सकाळी ६.४०

साइटवर ३५ वर्षं काढली, आता निवृत्त. पडदा आणि कार्पेट यातलं मला शून्य कळतं, त्यामुळे त्यावर गप्प.

ओसरीताई, तुमच्या नणंदेने सांगितलेली प्रत्येक चूक एका दुपारी दुरुस्त होते. जी चूक फरशीखाली नाहीतर भिंतीत गाडली जाते ती महाग. माझ्या हिशोबी पहिला नंबर बाथरूमच्या ढाळाचा. हल्ली जमिनीलासुद्धा २ बाय ४ फुटांच्या टाइल लावायची फॅशन आलीय. एवढ्या मोठ्या तुकड्याला चारी बाजूंनी नाहणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) उतार देताच येत नाही. मीटरला एक सेंटिमीटर तरी उतार लागतो, आणि टाइलवाला सांधे सरळ दिसावेत म्हणून नेमका तोच खाऊन टाकतो. बाथरूमच्या जमिनीला टाइल लहान घ्या, १ बाय १ किंवा त्याहून लहान, खरखरीत. एक तांब्या पाणी ट्रॅपपासून लांबच्या कोपऱ्यात ओता आणि पाच मिनिटांनी बघा. जे पाणी तिथे राहिलं, ते पुढची वीस वर्षं तिथेच राहणार.

दुसरं, ताबा मिळाल्याबरोबर बिल्डरच्या टाइल फोडणारे लोक. घण चालला की खालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) हलतो, वॉटरप्रूफिंग फुटतं. वर नव्या इटालियन टाइल, आणि आठ महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ छताचे पोपडे हातात घेऊन दारात. फोडायचंच असेल तर नवं वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावायच्या आधी, ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा. कंत्राटदार म्हणेल गरज नाही. तो म्हणणारच, त्याचे दोन दिवस जातात.

तिसरं, बाल्कनी हॉलमध्ये ‘घेणे’. जमीन एका पातळीत आणायला पाच सेंटिमीटर सिमेंटचा माल टाकला तर दर चौरस मीटरला १०० किलोंच्या वर वजन होतं. ४ बाय १० फुटांच्या बाल्कनीवर तुम्ही जवळजवळ ४०० किलो कायमचे ठेवलेत. त्यावर टाइल, सरकती खिडकी, वर सासऱ्यांची आरामखुर्ची. बाल्कनी म्हणजे इमारतीने बाहेर काढलेला हात आहे. त्यावर किती ठेवायचं हे इमारतीचं डिझाइन करणाऱ्याने ठरवलेलं असतं, सोफा दुकानदाराने नाही.

ओसरी | सकाळी ९.२२

सिमेंटकाका, तांब्या ओतला. कमोडच्या मागच्या कोपऱ्यात पाणी तसंच. मीठ-साखर विरघळवता येईल एवढं.

सिमेंट_वाळू | सकाळी ९.४०

काही फोडू नका. कोणा प्लंबरला हात लावू देऊ नका. फोटो काढा, तारीख घाला आणि बिल्डरला लेखी कळवा, ईमेल आणि कागद दोन्ही. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिलात तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण तुम्ही आधीच तिथे छिन्नी-हातोडा चालवला असेल तर तो म्हणणार, दोष तुमच्या इंटिरियरवाल्याचा. सगळे असंच म्हणतात.

वास्तुपुरुष_७ | सकाळी १०.१५

मूळ चुकीकडे कोणाचं लक्षच नाही. कमोड कोणत्या दिशेला आहे?

पुणेरी_पाटी | सकाळी १०.१७

ज्या दिशेला पाणी जात नाही त्या दिशेला.

रेघोटी | सकाळी ११.५०

मी याच धंद्यात आहे, पनवेलला काम करते. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय.

सोफा पुढे ओढा हा नियम २० फुटी दिवाणखान्यांसाठी आहे, जिथे भिंतीला लावलेला सोफा आणि टीव्ही यांच्यात क्रिकेट खेळता येतं. दहा फुटांच्या हॉलमध्ये तो सांगणं म्हणजे पाठ केलेलं म्हणून दाखवणं. तुमच्या नणंदेवर रागावू नका, पहिल्या वर्षी मीही हेच करत होते. शिवाय आपल्याकडे हॉल वर्षातून चार वेळा रिकामा करावा लागतो. सत्यनारायण, हळदीकुंकू, गणपती, झालंच तर मंगळागौर. भिंतीला लावलेलं फर्निचर हा आपला शोध आहे आणि तो बरोबर आहे.

पण ट्यूबलाइटवर मी तिच्या बाजूने. लोक पाच लाखांचं फर्निचर करतात आणि वर छताच्या मधोमध ६५०० केल्विनचा पांढराफट एकच दिवा. रात्री जेवताना सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. संध्याकाळी बसायच्या जागी ३००० च्या आसपासचा पिवळसर दिवा घ्या, आणि खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा) तो ९० च्या पुढचा बघा. मंडईत लालबुंद दिसलेला टोमॅटो घरी आल्यावर मातकट का दिसतो? हलक्या प्रतीच्या दिव्यात हा आकडा कमी असतो म्हणून. साडीवर ब्लाऊजपीस जुळवून बघणाऱ्या बायकांना हे अनुभवाने माहीत असतं, त्या कापड घेऊन दुकानाच्या दारात येतात.

आता माझी स्वतःची चूक. सुरुवातीच्या एका कामात बेडरूमला पीओपीचं छत केलं. खोलीची उंची साडेनऊ फूट, त्यातले आठ इंच छताने खाल्ले. पंख्याची पाती छताला फार जवळ असली तर त्याला हवा ओढायला जागाच राहत नाही, निदान फूटभर अंतर लागतं, म्हणून खाली रॉड. पंखा आला पावणेआठ फुटांवर. चित्रात सुंदर दिसत होतं. मग पावसाळा आला, डास आले आणि घरातल्या काकू पलंगावर उभ्या राहून मच्छरदाणी बांधायला गेल्या. हात सरळ पात्यांच्या रेषेत. पंखा बंद होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी आधी मच्छरदाणी बांधता का ते विचारते, मग छताचं बोलते. आणि छताच्या खाचेतल्या त्या लपलेल्या दिव्यांमागे काय साठतं ते दिवाळीच्या आधी स्टुलावर चढून एकदा बघा. आमच्या धंद्यात ते कोणी सांगत नाही.

चष्मा_कुठेय | दुपारी १२.३०

रेघोटीताई, वय ७४. मुलाने घरभर तुमचे पिवळे दिवे लावलेत. वातावरण निर्माण होतं म्हणे. पेपर वाचता येत नाही, रक्तदाबाची गोळी आणि साखरेची गोळी सारखीच दिसते. उतारवयात डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, आत उजेड कमी जातो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला समजावलं. मी मुलाला समजावलं. त्याने एक छान नक्षीदार दिवा आणून दिला. पिवळा.

मी संडासात बसून पेपर वाचतो. तिथे ट्यूब शिल्लक आहे.

रेघोटी | दुपारी १२.४४

काका _/\_ हे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवणार. वातावरणाचे दिवे वेगळे आणि कामाचे वेगळे, बटणंही वेगळी. तुमच्या खुर्चीच्या डाव्या खांद्यामागून येणारा ४००० केल्विनचा एक दिवा मागा. मुलगा ऐकत नसेल तर मला सांगा.

निखालस | दुपारी १.०२

प्लग पॉइंटचं कोणी लिहिलं नाही. आधीच्या भाड्याच्या घरात देवघराजवळ एकही नव्हता. गणपतीत एक्सटेन्शनची वायर सतरंजीखालून, तीवरून सगळं गाव चालत होतं.

सिमेंट_वाळू | दुपारी १.३०

हे बरं आठवलं. दीड टनी एसीला ४ स्क्वेअर एमएमची वायर, किचनच्या मोठ्या प्लगना २.५, दिव्यांना १.५, आणि डीबीमध्ये (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसला की वीज तोडणारा स्विच. वायरमनने ‘चालतंय साहेब’ म्हटलं की वायरच्या अंगावर छापलेला आकडा स्वतः वाचा. भिंत बुजवण्याआधी सगळ्या पायपांचे, वायरींचे फोटो काढून ठेवा. पुढे खिळा मारताना उपयोगी पडतात. सासऱ्यांच्या फोटोसाठीसुद्धा.

पावणेपाच_फूट | दुपारी ३.२०

मी इथे फक्त वाचते, आज टंकतेय. कारण माझी चूक घरात कोणालाच दिसत नाही, फोटोतही येत नाही.

माझी उंची ४ फूट १० इंच (आयडी थोडा विनयाने घेतलाय). दोन वर्षांपूर्वी मॉड्युलर किचन केलं. आलेल्या मुलाने टॅब उघडून मला शटरचे ११ प्रकारचे पांढरे रंग दाखवले. मोती पांढरा, ढगी पांढरा, काय काय. हॅंडल कोणतं, ड्रॉवर हळू बंद होणारा हवा का, कोपऱ्यात फिरता ट्रे हवा का. एक गोष्ट विचारली नाही, की इथे उभं कोण राहणार आणि ते केवढं आहे. ओटा ३६ इंचांचा आला. स्टँडर्ड म्हणे.

पहिल्या महिन्यात मानेपासून खांद्यापर्यंत आग व्हायला लागली. वयाला नावं ठेवली, उशी बदलली, तेल चोळलं. शेवटी फिजिओथेरपीवाली म्हणाली, दिवसभर काय काय करता ते करून दाखवा. मी तिच्या टेबलावर पोळी लाटल्याचं दाखवलं. ती म्हणाली, इथे तर खांदे खालीच आहेत, घरी कशा लाटता? घरी आरशाजवळ उभी राहून बघितलं तर दोन्ही खांदे कानाला. कोपर दुमडून जमिनीपासून मोजलं, ३६ इंच. म्हणजे ओटा बरोबर कोपराच्या रेषेत! लाटण्यावर वरून अंगाचा भार पडायला हवा, तो पडायला जागाच नाही. सगळी पोळी मी मनगटाच्या आणि मानेच्या जोरावर लाटत होते, रोज १८.

मग सुताराकडून चार इंच उंचीचा पाट करून घेतला. तीन दिवस मजेत गेले, चौथ्या दिवशी हातात आमटीचं पातेलं घेऊन पाटावरून उतरायचं विसरले. पाय भाजला नाही, आमटी गेली. शेवटी खिडकीकडचा दोन फुटांचा तुकडा कापून ३१ इंचांवर उतरवला. ग्रॅनाइटचा सांधा दिसतो, येणारा प्रत्येक जण विचारतो हे असं का. माझी मान दुखत नाही.

ज्यांचं किचन व्हायचंय त्यांनी एवढं करा : घरात जी चप्पल घालता ती घालून उभ्या राहा, कोपर दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. ज्या माणसाने पोळ्या करायच्या त्याचंच माप घ्या. घर ज्याच्या नावावर आहे त्याचं नाही.

कुमुदिनी | दुपारी ३.३१

पावणेपाचताई, अक्षरशः माझं दुखणं लिहिलंत. आत्ता मोजून आले. अडीच इंच चुकलाय.

डब्यात_डबा | दुपारी ४.१०

प्रतिसाद आवडला. एक भर : डिशवॉशर ओट्याखाली घ्यायचा असेल तर तो साधारण ८५ सेंमी उंच असतो, म्हणजे साडेतेहतीस इंच. सगळा ओटा खाली घेतलात तर तो मावणार नाही. म्हणून ताईंसारखा तुकडाच खाली घेणं शहाणपणाचं.

आणि ते उघडे शेल्फ! परदेशी फोटोंत काचेच्या बरण्या काय शोभतात. त्यांच्याकडे रोज मोहरी तडतडत नाही. आमच्याकडे सहा महिन्यांत बरण्यांवर असा चिकट थर बसला की उचलली की खालची फळी सोबत यायची. पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्याचंही तेच. हळदीचा हात लागला, पुसायला अर्धा तास उशीर झाला आणि माझ्या ओट्यावर कायमचा एक पिवळा अंगठा उमटला. साध्या काळ्या ग्रॅनाइटला नाकं मुरडत होते मी. संगमरवराचं तर नाव काढू नका, लिंबू आणि कोकम त्याला शब्दशः खातात.

सोनचाफा | संध्याकाळी ६.०५

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून थोडं आडवं लावतो. काय दिसतं याने काही बिघडत नाही, उपयोग बघा, हा सूर मला पटत नाही. मी ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या घरात वाढलो. सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर चादर, चादरीवर टॉवेल. फ्रिजवर विणलेलं कापड, टीव्हीवर विणलेलं कापड. चांगल्या कपबशा शोकेसमध्ये, चहा स्टीलच्या फुलपात्रातून. भिंती नेहमी ऑफ व्हाइट, कारण मळकट दिसत नाहीत. आईला विचारलं कोणी नाही, तिनेही सांगितलं नाही.

बाबा गेल्यावर रंगकाम निघालं. रंगाऱ्याने सवयीने ऑफ व्हाइट आणला. आई म्हणाली, स्वयंपाकघर आंब्याच्या रंगाचं करा. भाऊ म्हणाला अगं फार भडक होईल, खोली लहान दिसेल. झाली लहान. भडक तर इतकी की दुपारी आत गेलं की आपलेही हात पिवळे दिसतात. आई गेली चार वर्षं सकाळचा चहा तिथेच बसून घेते, पूर्वी हॉलमध्ये घ्यायची.

तेव्हा ओसरीताई, नणंदेची यादी फेकून द्या, पण ऑफ व्हाइट तुम्हाला आवडतो म्हणून आहे का, एवढं एकदा बघा.

ओसरी | संध्याकाळी ६.४०

सोनचाफा, थांबले इथे. बिल्डरने दिला म्हणून आहे. कोणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते अजून कळत नाहीये.

मांडवीकाठ | रात्री ९.१५

गोव्यातून. रंगाचा विषय निघालाच आहे म्हणून.

बार्देशात आमचं जुनं घर, भिंती चिऱ्याच्या, गिलावा चुन्याचा. दरवर्षी पावसानंतर चुना मारायचा हा रिवाज. दोन वर्षांपूर्वी भावाने चवथीच्या आधी हौसेने बाहेरून झुळझुळीत प्लास्टिक इमल्शन मारून घेतलं, गडद निळं. फोटो घरच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. पुढच्या जुलैत भिंतीला पुऱ्यांसारखे फुगे आले, बोटाने दाबले की आतून पाणी आणि पांढरा खार. रंगवाला म्हणाला, वरून वॉटरप्रूफ कोट मारू. मारला. मग ओल आतल्या बाजूने फुटली आणि देवाच्या खोलीतला गिलावा सुटला.

शेवटी गावच्या म्हाताऱ्या मेस्ताने (गवंड्याने) सांगितलं, चिरा पाणी पितो आणि सोडतो. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. सगळा रंग खरवडला, सहा महिने भिंत उघडी ठेवली, मग पुन्हा चुना, त्यातच निळीची पूड घालून. रंग आता एकसारखा नाही, ढगाळ दिसतो. भावाला आवडत नाही. भिंत कोरडी आहे.

आणि पीओपीच्या छताबद्दल रेघोटीताईंनी लिहिलं त्यात आमची भर. पुतण्याने पणजीत फ्लॅट घेतला, हॉलला खोट्या छताची नक्षी. चवथ आली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, लाकडी चौकट आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजन, रानातली फळं. वजन बरंच होतं. जुन्या घरात तुळईलाच त्यासाठी कड्या असतात. याच्या छतात हूक मारायला गेला तर चुरा खाली. मूर्ती आणून ठेवलेली, माटोळीचं सामान बाजारातून आलेलं, आणि टांगायला जागा नाही! चार कोपऱ्यांत लोखंडी नळ्या उभ्या करून मांडव घातला, हॉलमध्ये. यंदा तो छत फोडून आतल्या खऱ्या स्लॅबला चार हूक मारून घेतोय.

बर्फाचा_गोळा | रात्री ११.४८

म्युनिकहून. इथे भाड्याचं घर घेतलं की बऱ्याचदा स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला. छतातून दोन वायरी लोंबत असतात, दिवा तुमचा तुम्ही आणा. पहिल्या रात्री मी आणि बायको मोबाइलच्या उजेडात खिचडी जेवलो, हॉटप्लेट जमिनीवर ठेवून.

नंतर जर्मन शेजारीण आली. आम्ही छताच्या मध्ये भारतासारखा लखलखीत दिवा लावलेला. ती दारातच थबकली, विचारलं, काही शोधताय का?

कुमुदिनी | सोमवार, सकाळी ८.१०

हे हे! ट्यूबलाइटवाल्या सगळ्या घरांना हा प्रश्न.

अवांतर : माझ्या भिंतीलगतच्या कपाटाला पावसात मागून बुरशी येते. बाहेरची भिंत आहे, पश्चिमेची. काय करावं?

सिमेंट_वाळू | सकाळी ८.३५

कपाट दोन इंच पुढे ओढा. हवा खेळू द्या. (ओसरीताईंच्या नणंदेचं एक वाक्य इथे बरोबर लागू पडतं, हे मान्य करावं लागेल.) बाहेरून भिंतीला चीर आहे का तेही बघा. कपाट एमडीएफचं (दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचं) असेल तर खालची कड फुगली असेलच, प्लाय घेताना अंगावर आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून घ्यायचा होता.

कुमुदिनी | सकाळी ८.३९

फुगलीय. काका, तुम्ही न बघता कसं ओळखता हो?

ओसरी | पंधरा दिवसांनी, रविवार, रात्री ८.५५

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

काल सासऱ्यांची तिथी. सासूबाई ७१ वर्षांच्या, पण फोटोचा हार बदलायचा तर स्वतःच, दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्या स्टुलावर चढल्या. तेवढ्यात माझी मावसनणंद आली, प्रसादाला बोलावलं होतं. तिने दारातून बघितलं, पिशवी टाकली आणि धावत येऊन स्टूल धरलं. मी दुसऱ्या बाजूने धरलं. सासूबाईंचा हात फ्रेमच्या वरच्या कडेला जेमतेम पोचत होता, जुना हार निघेना. स्टूल डुगडुगत होतं. दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी पाणी प्यायलं आणि नणंदेला म्हणाल्या, “तू त्या दिवशी काय म्हणालीस, किती इंचांवर?”

ती बिचारी घाबरूनच गेली. म्हणाली, “नाही मावशी, ते असू दे.”

“असू दे काय? मला हात पुरत नाही. यांनाही तिथून काही दिसत नसेल, नुसता पंखा.”

मग दुपारी टेप घेऊन बसलो. नणंद ५७ वर खूण करणार, तर सासूबाई म्हणाल्या थांब. दिवाणावर बसल्या, मांडी घातली, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि बोटाने दाखवलं, इथे. खिळा मारायच्या आधी सिमेंटकाकांची आठवण काढून वायर कुठून गेलीय ते बघितलं. फोटो लागला. संध्याकाळी मालिका बघताना त्या मधेच भिंतीकडे बघून काहीतरी पुटपुटत होत्या, मी कान दिला नाही.

नणंदेने जाताना हळूच मोजलं. मध्य ४९ इंचांवर आलाय. म्हणजे आठ इंचांनी अजून चूकच आहे.

पुणेरी_पाटी | रात्री ९.०४

आणि हार?

ओसरी | रात्री ९.०६

चंदनाचा, छोटा. खाली सोफा नाही, काळजी नसावी.

सिमेंट_वाळू | रात्री ९.२०

छान झालं. बाथरूमच्या पाण्याचं काय झालं?

ओसरी | रात्री ९.२३

ईमेल केलं, कागदही दिला. बिल्डरचा माणूस सोमवारी येतो म्हणालाय.

सिमेंट_वाळू | रात्री ९.२५

कोणत्या सोमवारी ते लिहून घ्या.